येशू मेलेल्यातून उठला हे कशावरून? आमच्याकडच्या शनिवारच्या वर्गाचा रिव्ह्यू

अचलपूर तालुक्यातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हिवाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी एक वर्ग चालतो, ख्रिस्ती विश्वासाला पुरावा काय या विषयावर. सरळ सांगतो, जन्मापासून चर्चमध्ये जाणाऱ्यानं करावा आणि देव न मानणाऱ्यानं तर नक्कीच करावा असा वर्ग आहे. फी नाही, नोट्सच्या झेरॉक्सचे तेवढे पैसे. शिकवणारे सर रिटायर्ड हायस्कूल मास्तर, आयुष्यभर इतिहास शिकवला, आणि ते पदोपदी जाणवतं.

असा वर्ग लागतो कशाला म्हणाल, तर आपली पोरं अमरावतीला कॉलेजात जातात, तिथं मोबाईलवर कोणीतरी सांगतं की येशू नावाचा माणूसच झाला नाही, पोरगं घरी येऊन विचारतं आणि आपण म्हणतो प्रार्थना कर. यवतमाळला 1953 पासून मोठी सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं कॉलेज, होती, ती 1983 मध्ये पुण्याला गेली, खेड्यात हे नीट समजावून सांगणारं माणूस भेटणं सोपं नाही.

सुरुवात देव आहे का इथून होते. जे सुरू होतं त्याला कारण असतं, विश्व सुरू झालं, म्हणून विश्वालाही कारण पाहिजे. हा युक्तिवाद मुसलमान विद्वान अल-गझालीनं अकराव्या शतकात मांडला होता हे सरांनी स्वतःच सांगितलं, ते मला आवडलं. पण हा भाग घाईत उरकला. शेजारच्या वस्तीतले एक बौद्ध काका बोलले, "आमी पंचशील पाळतो, देवाशिवायच पाळतो ना सर? मंग?" सर म्हणाले, चांगलं वागायला देव मानावाच लागतो असं माझं म्हणणं नाही, चांगलं-वाईट हे खरंच आहे की माणसानं ठरवलेलं आहे, एवढाच माझा प्रश्न आहे. उत्तर बरोबर, पण काकांचं समाधान झालं नाही आणि त्यांच्या प्रश्नाला एक आख्खी संध्याकाळ द्यायला पाहिजे होती.

खरा वर्ग इतिहासापासून सुरू होतो, तिथं मात्र तोड नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस साधारण 116 साली लिहितो की रोमन सम्राट तिबेरियसच्या राज्यात त्याचा सुभेदार पिलात यानं ख्रिस्ताला मृत्युदंड दिला, आणि हा टॅसिटस ख्रिस्ती लोकांना शिव्या घालणारा, म्हणजे आपला माणूस नाही. यहुदी इतिहासकार जोसेफस साधारण 93 चा, पण त्याच्या पुस्तकातल्या येशूवरच्या उताऱ्यात नंतर कोणीतरी ख्रिस्ती माणसानं भर घातली आहे, हे सरांनी कोणी विचारायच्या आधी सांगितलं. 1961 मध्ये कैसरियाला पिलाताचं नाव कोरलेला दगड सापडला त्याचा फोटो दाखवला आणि लगेच म्हणाले, यानं पिलात होता एवढंच सिद्ध होतं, येशू उठला हे नाही. असं बोलणाऱ्यावर माझा भरवसा बसतो.

मग बायबलमधलं पहिले करिंथ, म्हणजे पौल या प्रेषितानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय 15. यावर भरपूर वेळ दिला आणि तो सार्थकी लागला. पत्र साधारण 55 सालचं, येशूला वधस्तंभावर दिलं ते 30 किंवा 33 साली. त्यात पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, म्हणजे उठलेला येशू त्याचा शिष्य पेत्र याला दिसला, बारा शिष्यांना दिसला, पाचशेहून जास्त लोकांना दिसला, याकोबाला दिसला ही साक्ष पत्राच्याही आधीची आहे, दंतकथा वाढायला पिढ्या लागतात तेवढा वेळच इथं नाही. त्यातलं याकोबाचं, म्हणजे येशूच्या भावाचं, नाव मला सगळ्यात जड वाटतं. येशूचे भाऊ आधी त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते हे योहानाच्या शुभवर्तमानात लिहिलंय, नंतर तोच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी होतो आणि त्याला दगडमार करून मारल्याचं जोसेफस लिहितो. सख्खा भाऊ असा कशामुळे बदलला?

सायन्सवाला एक पोरगा म्हणाला, शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या आयुष्याची चार पुस्तकं, एकमेकांशी जुळत नाहीत, कबरेपाशी कुठं एक देवदूत कुठं दोन. सर म्हणाले, "बाबू, शेताच्या धुऱ्याच्या भांडणात चार साक्षीदार शब्दाला शब्द तेच बोलले तर तू काय समजशील?" पोरगं हसलं पण सोडलं नाही, खोट्यासाठीही लोक जीव देतात म्हणाला. सरांनी मान्य केलं, हेही सांगितलं की सगळ्या बारा प्रेषितांच्या मरणाचा पक्का पुरावा नाही, पेत्र, पौल, याकोब यांचा चांगला आहे. पण दुसऱ्यानं सांगितलेल्या खोट्यासाठी मरणं वेगळं आणि आम्ही डोळ्यानं पाहिलं म्हणून मरणं वेगळं. रिकामी कबर पहिल्यांदा बायांनी पाहिली, आणि त्या काळी बाईच्या साक्षीला किंमत कमी, गोष्ट रचायची असती तर असं कोण रचेल? पोराला अजून पटलेलं नाही, तरी तो शेवटपर्यंत येत राहिला आणि त्याला कोणी एका शब्दानं टोचलं नाही.

दुःखाचा प्रश्न एका बाईनं काढला, तिच्या घरातला माणूस कर्जापायी गेलेला. सरांनी तिथं युक्तिवाद केला नाही. स्तोत्र 22 वाचलं, देवा तू मला का सोडलंस असं विचारणारं, आणि वधस्तंभावर येशूनं तेच म्हटलं एवढं सांगून थांबले. काही जणांना वाटलं उत्तर टाळलं. मला वाटतं त्या बाईसमोर तेच योग्य होतं, पण पुढच्या शनिवारी या विषयावर नीट बोलायला हवं होतं, ते राहिलं.

बाकी माहिती: धर्म बदला असं कोणी म्हणत नाही, नाव-गाव लिहून घेत नाहीत. नोट्स मराठीत आहेत पण हातानं लिहिलेल्या, झेरॉक्स फिकट, सातवं-आठवं पान वाचताच येत नाही, टाईप करून घ्या ही विनंती. संत्र्याला पाणी द्यायला रात्रीची लाईट असली की अर्धे लोक उठून जातात, म्हणून वेळ थोडी आधीची ठेवली तर बरं. परतवाड्याकडून येणाऱ्यांनी गाडी घेऊन यावं, सुटेपर्यंत एसटी मिळत नाही. बायबल नसेल तर तिथं मिळतं, पेन-वही आपली आणा आणि प्रश्न घरूनच लिहून आणा.