सोलापूरच्या बाळीवेशीजवळच्या लाकडी घाण्यावरचं करडई तेल: सहा महिन्यांचा अनुभव

यांचं बीपी १५०/९४ निघालं तेव्हा घरातला डालडा मी त्याच दिवशी बंद केला आणि या घाण्यावरून करडईचं तेल आणायला लागले. तेल ताजं मिळतं, डोळ्यांसमोर गाळतात. वास अगदी माहेरच्या मंगळवेढ्याच्या घरासारखा! ज्वारीच्या भाकरीवर, शेंगाचटणीत कच्चं घालून खाल्लं तर दुसरं काही नको वाटतं.

पण तिथला दादा प्रत्येकाला सांगतो, "हे तेल घ्या, बीपीची गोळी सुटेल." हे मला अजिबात पटलं नाही. करडईत लिनोलिक आम्ल (असंपृक्त चरबीचा एक प्रकार) भरपूर, संपृक्त म्हणजे तुपासारखी गोठणारी चरबी दहा टक्क्यांच्या आत. कोलेस्टेरॉलसाठी ते चांगलंच. रक्तदाबावर मात्र नुसतं तेल बदलल्याचा परिणाम थोडासाच होतो. डॅश या बीपी उतरवण्यासाठी आखलेल्या आहाराच्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात बीपी खरंच उतरलं, पण तिथे संपृक्त चरबी कमी करण्याबरोबर फळं, भाज्या आणि कमी चरबीचं दूध-दहीही वाढवलं होतं. आमच्याकडे खरा फरक पडला तो पापड-लोणचं आणि चटणीतलं मीठ कमी केल्यावर. आता १३४/८६ असतं, गोळी चालूच आहे.

आणखी एक तक्रार: मागच्या वेळी डब्यावर घाण्याची तारीखच नव्हती. करडईचं तेल लवकर खवट होतं, म्हणून तारीख विचारूनच घ्या, आणि अर्धा लिटरच न्या.