बदकाची अंडी आणि घरचा इन्क्युबेटर: एक पावसाळा काढल्यानंतर

आमच्याकडे खाकी कॅम्पबेल बदकं आहेत. अंडी घालण्यात ही जात कोणाला ऐकत नाही, चांगलं खायला मिळालं तर वर्षाला ३०० च्या घरात जाते. पण अंड्यांवर बसायचं नाव काढत नाही. म्हणून इतकी वर्षं बदकाची अंडी खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली ठेवायचो. तिच्या पोटाखाली मावतात जेमतेम सात-आठ, आणि खुडूक ती तिच्या मर्जीने होणार. शेवटी उन्हाळ्यात ऑनलाइन इन्क्युबेटर मागवला. प्लास्टिकचा, पंखा असलेला, अंडी आपोआप फिरवणारा.

जाहिरातीतला ५६ हा आकडा कोंबडीच्या अंड्यांचा. बदकाची चाळीसेक बसतात, तीही ट्रेच्या पट्ट्या काढून जागा वाढवली तर.

तापमानाबाबत तक्रार नाही. स्क्रीनवर अर्ध्या अंशाचा फरक होता, तो तापाचा थर्मामीटर आत ठेवून पकडला (३७.५ सेल्सिअस म्हणजे ९९.५ फॅरनहाइट) आणि सेटिंगमध्ये दुरुस्त केला. त्यानंतर काटा हलला नाही.

आर्द्रतेचा आकडा मात्र निव्वळ शोभेचा. बरणीत ओलं मीठ ठेवून झाकण लावलं की आत ७५ टक्के आर्द्रता होते. त्यात मशीनचा सेन्सर सोडला तर त्याने ६४ दाखवले! पुस्तकी हिशोब असा: २५ दिवस ५५ ते ६०, शेवटचे तीन दिवस ७० च्या वर. पण कोकणातल्या जुलैत पाणी घालायचं तरी किती? बाहेरची ९० टक्के दमट हवा पेटीत तापली की तिची आर्द्रता निम्म्यावर येते, म्हणजे पाणी लागतंच, पण थोडं. पेटीच्या तळाला पाण्याच्या दोन खाचा आहेत; पावसात मी एकच भरतो, डिसेंबरात दोन्ही. आणि भरवसा ठेवतो तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. ७० ग्रॅमचं अंडं पंचविसाव्या दिवशी ६१ च्या आसपास उतरलं पाहिजे. त्याहून जड राहिलं तर आतली हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच गुदमरतं.

सोबतचं माहितीपत्रक कोंबडीचं, २१ दिवसांचं. बदकाला २८ लागतात (मस्कोव्ही जातीचं असेल तर ३५). पहिल्या आठवड्यानंतर रोज दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडून अंडी गार करायची, कोमट पाणी फवारायचं, हे त्यात कुठेच नाही. बदकीण पाण्यात जाऊन ओल्या पिसांनी परत येते, तेच आपण करायचं. पंचविसाव्या दिवशी फिरवणं बंद.

मग खरी परीक्षा आपली. मोबाइलच्या टॉर्चवर पोकळीत चोचीची सावली हलताना दिसते, कान लावला तर आतून चिवचिव येते. कवचाला पहिला टवका गेल्यावर कोंबडीच्या पिल्लाच्या हिशोबाने वाट बघू नका. बदकाचं पिल्लू दीड-दोन दिवससुद्धा घेतं. मध्येच झाकण उघडलं की दमट हवा जाते, आतलं पांढरं पापुद्र्यासारखं आवरण सुकून पिल्लाला चिकटतं. आमच्या सासूबाई रोज विचारायच्या, "गो, आयलां काय भायर?" त्यांना झाकणापासून लांब ठेवणं हेच मोठं काम.

लाइट जाण्याचं म्हणाल तर तास-दोन तासांनी फारसं बिघडत नाही; पेटीवर गोधडी टाकायची, हवेची भोकं मोकळी ठेवायची. पावसाळ्यात इन्व्हर्टरशिवाय मात्र हा उद्योग करू नये. फिरवणारी मोटर बदकाच्या जड अंड्यांनी कुरकुरते, मध्ये एकदा अडकलीही. विक्रेत्याने सुटा भाग पाठवायला इतका वेळ लावला, की तोवर अंड्यांवर पेन्सिलीने फुली-गोल काढून हातानेच फिरवली.

कोंबडीखाली पिल्लं निघाली की पुढचं ती बघते. मशीनमधली पिल्लं तुमच्या गळ्यात. बल्ब लावून पहिला आठवडा ३२ अंशांची ऊब, नाकपुड्या बुडतील इतकंच खोल पाणी, खाद्यात थोडं यीस्ट, कारण बदकाला नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं आणि ते कमी पडलं तर पाय वाकतात. पोहायला घाई नको. आईच्या पिसांचं तेल यांना मिळालेलं नसतं, भिजून गारठतात. घेण्याआधी नरांचंही ठरवून ठेवा. निम्मे नर निघणारच, आणि दीड-दोन महिन्यांनी आवाज फुटेपर्यंत कोण नर कोण मादी हे सहसा कळत नाही. मादी खणखणीत ओरडते, नराचा घसा बसल्यासारखा.