विझार्ड की सॉर्सरर?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) जादू करणारं पात्र घ्यायचं ठरलं, की बहुतेकांचं घोडं या दोघांपाशी अडतं. जीव दोघांचाही नाजूक.

विझार्ड अभ्यासू. सुरुवातीलाच त्याच्या पोथीत ६ मंत्र असतात, पुढे दर पातळीला २ वाढतात. शिवाय कुठे नवा मंत्र सापडला, तर मंत्राच्या दर पातळीमागे ५० सोन्याची नाणी आणि २ तास खर्चून तो उतरवून घेता येतो. उद्या काय लागेल याचा अंदाज बांधून रोज मंत्र निवडायचे, यातच त्याची खरी मजा. पण पोथी हरवली तर हाल.

सॉर्सररची जादू उपजत. मंत्र मोजकेच, २०व्या पातळीलाही १५. पण तिसऱ्या पातळीपासून तो मंत्र हवा तसा वळवायला शिकतो: वेग वाढवणारा एकच ‘हेस्ट’ दोन सोबत्यांवर टाकायचा, किंवा भर दरबारात ओठ न हलवता, हात न उचलता मोहिनी घालायची! असा डाव साधला की मला अजूनही शहारा येतो.

नवख्याला मी सॉर्सररच देईन. मंत्र कमी, म्हणजे खेळ थांबवून नियम चाळणंही कमी. फक्त मंत्र निवडताना घाई नको; पुढची पातळी येईपर्यंत ते बदलता येत नाहीत, आणि तेव्हाही एकच.