गर्द सोडवायला कोणती गोळी: नाल्ट्रेक्सोन की ब्युप्रेनॉर्फिन?

धाकट्या भावाच्या वेळी या दोन्ही गोळ्या आमच्या घरात आल्या, म्हणून लिहितोय.

मेंदूतल्या पेशींवर ओपिऑइड रिसेप्टर असतात, म्हणजे अफूच्या जातीची द्रव्यं जिथे बसतात अशा जागा. त्यातला ‘म्यू’ वेदना, नशा आणि श्वास, तिन्हींवर चालतो. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन. शरीरात त्याचं मॉर्फिन होतं आणि ते या जागांवर जाऊन बसतं. नाल्ट्रेक्सोनही तिथेच बसतं, पण काहीच करत नाही. विरार लोकलमध्ये खिडकीशी टाकलेला रुमालच म्हणा. 50 मिलिग्रॅमच्या गोळीने जागा साधारण 24 तास अडते, गर्द ओढला तरी चढत नाही. फक्त हा रुमाल आधी बसलेल्यालाही उठवतो! म्हणून 7 ते 10 दिवस कोरडे, म्हणजे गर्दाशिवाय, गेल्याशिवाय ही गोळी देत नाहीत. भाऊ ‘आठ दिवस झाले’ म्हणाला, ते खोटं होतं. तासाभरात अशी टर्की (नशा तुटल्यावर होणारा त्रास) लागली की जांभया, घाम, अंगावर काटा, उलट्या. आईने त्याचे पाय मांडीवर दाबून धरत रात्र काढली.

ब्युप्रेनॉर्फिन त्याच जागी घट्ट बसतं आणि अर्धवट काम करतं. टर्की थांबते, तलफ उतरते, पण परिणाम एका मर्यादेपुढे चढत नाही. (दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत मात्र श्वासाला धोका आहेच.) इथे आठवडाभर कोरडं राहावं लागत नाही. टर्की सुरू झाली, म्हणजे शेवटच्या दमानंतर साधारण 12 ते 24 तासांनी, की पहिली गोळी जिभेखाली. ती विरघळेपर्यंत भाऊ गप्प बसायचा आणि आई समोर घड्याळ बघत. ‘एक नशा सोडून दुसरी लावली,’ असं नातेवाईक म्हणाले. मला ते पटत नाही. त्या गोळीवर तो रोज कामाला जायला लागला.

नाल्ट्रेक्सोनची खरी भीती गोळी चुकण्याची. महिनाभर कोरड्या राहिलेल्या शरीराला जुनी मात्रा झेपत नाही, एका दमात जीव जाऊ शकतो. त्यामुळे माणूस पुरता कोरडा असेल आणि रोज समोर उभं राहून गोळी देणारं कुणी घरात असेल, तरच मी ती निवडेन. नाहीतर ब्युप्रेनॉर्फिन.

केसपेपर काढून आत गेलात की शेवटचा दम कधी मारला ते त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. आमच्याकडे ‘आठ दिवस’ माझ्यासमोर सांगितले गेले होते.