झाड कुंडीत हललं, आणि मी हसले

मोबाइलवरून ऑर्किडची झाडं घेताना मी फसले. गेले चौदा हजार तीनशे पन्नास रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे "पण गेले किती?" असं कुणी हळूच विचारायला नको. घरी अजून नऊ हजार आठशेच सांगितलेत. ह्यांनी हे वाचलं तर वाचलं.

मी एकतीस वर्षं पतसंस्थेत काढली. जामीनदाराची सही खरी की खोटी, हे कागद तिरका धरून सांगायचे. आज वीज तोडतोय, पार्सलमध्ये काहीतरी सापडलंय, असले फोन आले की मीच समोरच्याला फैलावर घेते. ओटीपी आजवर कुणाला दिलेला नाही. मला फसवणाऱ्या या माणसालाही नाही. त्याने मागितलाच नाही. त्याने मला फक्त झाडं विकली.

ऑर्किडचं वेड राणीच्या बागेतल्या फुलांच्या प्रदर्शनात लागलं. डोंबिवलीत आमची गॅलरी पूर्वेची, दहापर्यंत कोवळं ऊन, मग सावली. जवळच्या नर्सरीतून आणलेली डेंड्रोबियम जातीची दोन ऑर्किडं कोळसा आणि विटांच्या तुकड्यांवर दीड वर्ष जगवली, त्यातल्या एकाला फूलही आलं. म्हणजे मी अगदीच अडाणी नव्हते. हे मुद्दाम सांगतेय, कारण धाकटी जाऊ म्हणाली, "वहिनी, झाडं कुणी मोबाइलवर घेतं का?" घेतात. हजारो लोक घेतात, आणि बहुतेकांना चांगली मिळतात. मलाही पहिल्यांदा चांगलीच मिळाली.

पहिली ऑर्डर ६४० रुपयांची, दोन डेंड्रोबियम. मी मुद्दाम लहान रक्कम टाकून बघितली. झाडं आली ती अशी की हातात धरून बसावं: टणक मुळं, टोकं हिरवीगार, एकाला तर नवा कोंब. पहिले दोन हप्ते तारखेच्या आत भरणारा कर्जदार पुढे बुडवू शकतो, हे नवीन लागलेल्या मुलींना मीच शिकवायचे. मीच.

मग मे महिन्यात ते 'बिगिनर कलेक्शन' आलं. बारा झाडं, सगळी ब्लूमिंग साइज, म्हणजे फुलण्याइतकी मोठी: सहा फॅलेनोप्सिस (ऑर्किडचाच एक प्रकार, थोडक्यात फॅल), पाच डेंड्रोबियम आणि एक निळं फॅल. ९,८०० रुपये. पॅकिंग आणि कुरिअर ८५०. वर 'फक्त तुमच्यासाठी' ब्लू वांडा, म्हणजे निळ्या फुलांचं जंगली ऑर्किड, २,५००. पैसे गेल्यावर दुसऱ्या दिवशी निरोप आला की डोंगराळ भागातून माल निघतो, फायटो सर्टिफिकेट (झाडांना रोग-कीड नाही असा सरकारी दाखला) लागेल, १,२०० पाठवा. फायटो सर्टिफिकेट परदेशात माल पाठवताना लागतं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी 'पाठवले' असं लिहून वर हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

पण माझा खरा राग त्या बाराशेवर नाही. तो त्या शनिवार संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलवर आहे. पैसे द्यायच्या आधी मी म्हटलं, झाडं दाखवा. त्याने दाखवली. टेबलावर लाल चेरींचं मेणकापड, त्यावर एकेक कुंडी येत होती. पांढरं फॅल, जांभळं फॅल, पिवळ्यावर लाल ठिपके असलेलं. फुलं अशी की माझी मान आपोआप पुढे गेली. मी विचारलं, "मुळं दाखवता का जरा?" विचारलं होतं, हे लक्षात घ्या. तो म्हणाला, "ताई, मुळं उघडून बघितली की झाड रुसतं. मॉसमध्ये मस्त बसलीयेत." आणि त्याने कुंडी खाली ठेवली तेव्हा कुंडी थांबली, पण झाड थांबलं नाही. पडायला आलेली दाढ जिभेने हलवावी तसं ते बुडातून हललं. मी बघितलं. मला ते दिसलं होतं. आणि मी "रुसतं" या शब्दावर हसत होते.

धडधाकट मुळांचं फॅल कुंडीत असं डुलत नाही. ते इतकं घट्ट धरून बसतं की कुंडी बदलताना मुळं प्लास्टिकवरून सोलून काढावी लागतात. नर्सरीत गेलात तर फुलाकडे नंतर बघा, आधी बुंध्याला दोन बोटं लावून हलकेच हलवा. मालक रागावला तर दुसरी नर्सरी.

खोकं सहाव्या दिवशी आलं. मे महिना, सहा दिवस बंद खोक्यात. उघडताना मी व्हिडिओ काढला नाही. तुम्ही काढा, पत्त्याची चिठ्ठी दाखवून सुरू करायचा आणि शेवटपर्यंत मध्ये तोडायचा नाही. मी तेव्हा कात्री शोधत होते आणि मला आनंद झाला होता.

आधी वास आला, फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की येतो तसा. फॅलच्या बुडाला त्या मॉसचा, म्हणजे शेवाळाचा, गच्च दाबलेला गोळा होता, वरून ओला. तो सोडवायला अर्धा तास लागला. आत मुळं होती म्हणायची तर होती. चांगलं मूळ सुकं असताना चंदेरी दिसतं, पाणी लागलं की हिरवं होतं, चिमटीत दाबलं तर टणक लागतं. हे मूळ मी चिमटीत धरलं आणि त्याचं साल ओल्या मोज्यासारखं निघून आलं. हातात राहिला शेवईसारखा बारीक दोरा. सहापैकी चार झाडांची हीच गत. उरलेल्या दोघांना मुळंच नव्हती, कापून जखमेवर दालचिनीची पूड लावलेली. म्हणजे काय करायचं असतं हे त्याला नीट ठाऊक होतं!

डेंड्रोबियमच्या पाच कुंड्यांत मागच्या जुन्या, सुरकुतलेल्या कांड्या खोचल्या होत्या. दोघींत फुलांचा दांडा नुसता मॉसमध्ये खुपसलेला, उपटल्यावर खाली तिरका छाट स्पष्ट दिसला. असले दांडे दादरच्या फूलबाजारात जुडीने मिळतात. निळ्या फॅलच्या दांड्यावर बुडाशी मेणाने बुजवलेलं भोक होतं. तिथून रंग टोचतात. त्याची पुढची फुलं पांढरी येणार, जर झाड तोवर जगलं तर. बाजारातलं शाईसारखं निळं फॅल दिसलं की आधी ते भोक शोधा. आणि १९९ रुपयांत निळ्या ऑर्किडचं बी विकतात त्याबद्दल एवढंच: ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात कोंबाला पुरेल असं अन्नच नसतं, ते प्रयोगशाळेत बाटलीत रुजवतात. पाकिटातले ते ढोबळ दाणे कसले असतात देव जाणे.

आता ब्लू वांडा. मुळांना आंब्याच्या सालीचा तळहाताएवढा तुकडा चिकटलेला, त्यावर दगडफुलासारखी करडी बुरशी आणि एक मेलेली मुंगी. पानांच्या बेचक्यातून जुना वाळका दांडा खाली लोंबत होता. वांडाचा दांडा वर जातो. लोंबणारा दांडा मी लहानपणापासून बघत आलेय, आजोळी विहिरीजवळच्या आंब्यावर. मृगाच्या आगेमागे फुलली की आजी म्हणायची, सीतेने वेणी सोडली. कुणीतरी कुठल्यातरी झाडावरून सालीसकट सीतेची वेणी, आपल्याकडचं जंगली ऑर्किड, ओरबाडली होती आणि मला २,५०० ला विकली होती. खरं निळं वांडा आलं असतं तरी शरमेचीच गोष्ट होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते नावानिशी आहे, जंगलातून काढायला बंदी, विकायला परवाना लागतो. तो परवाना मी मागितला नव्हता. कुठल्याही जंगली जातीचं मोठं झाड स्वस्तात मिळत असेल आणि पानांवर ओरखडे, मुळांवर साल असेल, तर ते कुणी वाढवलेलं नाही, तोडलेलं आहे.

फोन केला, तो म्हणाला प्रवासात होतं असं, पंधरा दिवस सावलीत ठेवा. मी ठेवली! माझ्याइतकी मूर्ख मीच. ते पंधरा दिवस त्याला हवे होते. सोळाव्या दिवशी नंबर बंद. ऑनलाइन पैसे गेले की तासाभरात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, कळवायचं असतं, म्हणजे पुढच्या खात्यात रक्कम अडकवता येण्याची शक्यता तरी असते. मी कळवलं तेव्हा तिथे दमडी उरली नव्हती.

बँकेत गेले. समोरची मुलगी माझ्या लेकीहून लहान. "मॅडम, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत ना? मग हा फ्रॉड धरत नाहीत." मी म्हटलं, बाळ, खात्याचं केवायसी कुणी केलं ते तरी बघा. तिने मला अर्ज क्रमांक दोन दिला. दुसऱ्या दिवशी कळलं, अर्ज क्रमांक चार लागतो. चौकीत तासभर बाकावर बसवलं. मग हवालदार खोक्यात डोकावून म्हणाले, "काकू, झाडं आली ना? मग फसवणूक कुठे झाली?" मी म्हटलं, मेलेली आली. ते म्हणाले, "उन्हाळा आहे." शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. मी मुळाचा तो दोरा कागदात बांधून पुरावा म्हणून नेला होता, तो त्यांनी चहाच्या कपाबरोबर बाजूला सारला. कुरिअरवाले म्हणतात, डिलिव्हर्ड, आमचं काम संपलं. आणि जिथे झाडांचंच काम चालतं अशा एका सरकारी कचेरीत सीतेच्या वेणीची तक्रार घेऊन गेले, तर साहेब म्हणाले, "म्हणजे ते झाड आता तुमच्या ताब्यात आहे?" त्यांचा रोख कळल्यावर मी पिशवी उचलून बाहेर आले. चोरीची खबर द्यायला गेलेली बाई चोर ठरायची वेळ! चार ठिकाणं, सात खेपा, रिक्षाचे ५४० रुपये वेगळे, ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, क्रमांक आला आहे, बघू.

बारातलं एक पांढरं फॅल आणि एक डेंड्रोबियमची कांडी अजून तग धरून आहेत. सीतेची वेणी काथ्याने गॅलरीच्या गजाला बांधलीय, तिला एक मूळ फुटलंय, टोक पोपटी.

व्हिडिओ कॉलवर झाडं घेणार असाल तर आपलं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवायला लावा आणि झाड कुंडीतून बाहेर काढायला लावा. रुसू दे.

मागच्या रविवारी लेकीने तिच्या फोनवर एक जाहिरात दाखवली. नाव नवीन, नंबर नवीन. 'बिगिनर कलेक्शन', आता १०,५००. मेणकापड तेच, लाल चेरींचं. खाली मी लिहिलं, "मुळं दाखवा." चार मिनिटांत मला ब्लॉक केलं.