मापात पाप नसलेला घाणा (कळवा), खोबरेल आणि शेंगदाणा तेलाचा दोन वर्षांचा अनुभव

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुहूर्त लागला. कळव्यात एक लाकडी घाणा आहे, छोटंसं दुकान, मागे घाणा आणि पुढे काउंटर. दुकानाचं नाव इथे टाकत नाहीये कारण मी काकांना विचारलं होतं आणि ते म्हणाले नको ताई, गर्दी झाली की घाई होते आणि घाईत चुका होतात. कोणाला हवं असेल तर कळव्यात कोणालाही घाणा कुठे आहे विचारा, सांगतील.

आधी मी तिकडे कशी पोचले ते सांगते नाहीतर बाकीचं कळणार नाही. आम्ही बेने इस्राएल, ठाण्यातलेच, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी आमच्या घरी शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लागतो, काचेच्या ग्लासात खाली पाणी, वर खोबरेल आणि त्यात वात, माझ्या आजीच्या हातची पद्धत. त्यासाठी मी एका ठिकाणाहून (नाव घेत नाही) घाण्याचं शुद्ध खोबरेल म्हणून बाटली आणायचे, चांगले पैसे मोजून. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत ठाण्यात बऱ्यापैकी थंडी पडली होती, सकाळी लादीवर पाय ठेववत नव्हता, आणि माझ्या लक्षात आलं की ही बाटली एकदाही गोठली नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी खोबरेल वापरतात त्यांना सांगायला नको, खोबरेल चोवीस-पंचवीस डिग्रीच्या खाली गेलं की पांढरं व्हायला लागतं, लहानपणी आई बाटली उन्हात नाहीतर गरम पाण्यात ठेवायची. ही मात्र पूर्ण हिवाळा पाण्यासारखी पातळ. मी दुकानात जाऊन विचारलं तर आधी म्हणाले आमचं तेल स्पेशल आहे गोठत नाही, मग म्हणाले थोडं मिक्स असतं सगळीकडेच. कशाचं मिक्स ते काही सांगितलं नाही.

मला पैशांपेक्षा जास्त कशाचं वाईट वाटलं तर त्या दिव्याचं. किती शुक्रवार मी देवासमोर ते तेल जाळलं. त्या माणसाला वाटलं असेल कोणाला कळणार आहे, पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का, एका थंडीने सगळं उघडं पाडलं, ना लॅब ना रिपोर्ट.

तर मग शेजारच्या वहिनींनी या घाण्याचं सांगितलं.

पहिल्यांदा गेले तो वार मंगळवार आणि शटर बंद. वर पाटी होती, एकादशीला दुकान बंद राहील. बाजूच्या वडापाववाल्याने सांगितलं की काका वारकरी आहेत, माळकरी, महिन्यातल्या दोन्ही एकादश्यांना घाणा फिरवत नाहीत आणि आषाढीच्या वेळी तर वारीला जातात तेव्हा तितके दिवस बंदच असतं. रिक्षाचे पैसे गेले खरे पण मी तिथे उभी राहून ती पाटी परत परत वाचत होते, कारण आमच्या घरात हीच गोष्ट आहे फक्त वार वेगळा.

कोकणात आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे. रायगड जिल्ह्यात, अलिबाग पेण रेवदंडा त्या पट्ट्यात आमची माणसं पिढ्यान्पिढ्या घाणे चालवायची आणि शनिवारी बंद ठेवायची, का तर देवाची आज्ञा, सहा दिवस काम कर आणि सातवा दिवस शब्बाथ. हिब्रू बहुतेकांना विसरायला झालं होतं, बाकी जगातल्या ज्यूंशी संबंध नव्हता, तरी तो एक वार नाही सुटला. माझ्या पणजोबांचा घाणा होता पेणकडे. आजी सांगायची की शनिवारी बैलाच्या डोळ्यांवरची झापडंसुद्धा काढून ठेवायचे, कारण आज्ञेत नुसता माणूस नाहीये, तुझा बैलसुद्धा विसावा घेईल असं स्पष्ट लिहिलंय. घाण्याचा बैल म्हणून आपण कामाला जुंपलेल्या माणसाला म्हणतो ना, त्या बैलाला आठवड्यातून एक दिवस मोकळा सोडायचा म्हणजे काय ते विचार करा, आणि तोही धंद्याचं नुकसान करून. कोकणात सोमवार पाळणारे तेलीही होते, शंकराच्या नंदीचा मान म्हणून, त्यामुळे गावाला याचं काही विचित्र वाटायचं नाही.

आता मुद्द्याचं, तेल.

मी नेहमी शेंगदाणा, खोबरेल आणि अधूनमधून तीळ घेते. करडई पण मिळते पण ती आमच्याकडे कोणी खात नाही म्हणून त्याबद्दल बोलत नाही. शेंगदाण्याला वास असा की कढईत टाकलं की जिन्यापर्यंत कळतं, रिफाइंडची सवय असलेल्यांना पहिले आठ दिवस जड वाटेल. तळाशी थोडा गाळ बसतो तो खराब नसतो, काका तीन-चार दिवस स्टीलच्या पिंपात निवळू देतात आणि मग भरतात तरी थोडा राहतोच. खोबरेल मागच्या दोन्ही जानेवारीत दगडासारखं गोठलं, चमचा घालून काढावं लागलं आणि मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला उठवून दाखवलं. मलिदा (आमचा देवाचे आभार मानायचा विधी) असला की किंवा रोश हशानाला, म्हणजे आमच्या नवीन वर्षाला, हलवा करायचा असतो (आमचा हलवा नारळाच्या दुधातला, कारण मांसाच्या जेवणानंतर दुधाचं चालत नाही) तेव्हा खोबरंही तिथूनच घेते, खवट एकदाही निघालं नाही.

भाव सांगते, शेंगदाणा मागच्या महिन्यात 360 रुपये लिटर होतं. महाग आहे, मी पण पहिल्यांदा म्हटलं काका जरा जास्तच होतंय. तर ते चिडले नाहीत, मला आत घेऊन गेले आणि घाण्यापाशी उभं केलं. पंधरा-सोळा किलो दाणे एका वेळी, लाकडी उखळ आणि त्यात तिरकी लाट सावकाश फिरते, बैलाच्या जागी मोटर आहे एवढंच, मधूनमधून पाण्याचा हलका हबका मारतात. म्हणाले हे दाणे ताई, यातून तेल निघणार सहा-साडेसहा किलो, बाकी सगळी पेंड, पेंडीचे थोडे पैसे येतात, आता दाण्याचा भाव तुम्हाला माहितीये, तुम्हीच हिशोब करा. मी तिथेच मोबाईलवर केला. एका लिटरला सव्वादोन-अडीच किलो दाणा लागतो, म्हणजे जो कोणी रिफाइंडच्या भावात घाण्याचं तेल देतो म्हणतोय तो एकतर घरचे घालतोय नाहीतर खोटं बोलतोय.

लिटर आणि किलोचा घोळ पण मला तिथेच समजला. एक लिटर शेंगदाणा तेल वजनाला साधारण 910 ग्रॅम भरतं, आपण मात्र लिटर आणि किलो एकच धरून चालतो. पाकिटबंद तेलात तर काही कंपन्या 60 डिग्री तापमानाला एक लिटर असं बारीक अक्षरात छापायच्या, गरम तेल फुगतं त्यामुळे माप लिटरचं दिसतं पण वजनाला तेल कमी, सोयाबीनच्या तेलात हा फरक पंचवीस ग्रॅमच्या आसपास जातो. शेवटी सरकारला सांगावं लागलं की तापमान न लिहिता लिटरसोबत वजनही छापा, आणि त्यासाठी 15 जानेवारी 2023 पर्यंतची मुदत दिली होती. काका दोन्ही लिहितात, लिटरही आणि ग्रॅमही, सोबत काढल्याची तारीख आणि लायसन्स नंबर. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, त्याचं वैधमापनचं (वजनं-मापं तपासणारं सरकारी खातं) सर्टिफिकेट काउंटरच्या मागे लावलंय, गणपतीच्या कॅलेंडरच्या शेजारी, मी बघितलं, चालू वर्षाचं होतं.

आणि आता ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले ते. काका पिंपातून मापाने तेल बाटलीत ओततात, तुमच्यासमोर, मग बाटली काट्यावर आणि मग सील. माप रिकामं झालं की ते लगेच बाजूला ठेवत नाहीत. फनेलवर पालथं धरून उभे राहतात. तेलाची धार बारीक होत होत दोऱ्यासारखी होते, मग तुटते, मग एक थेंब, थांबून दुसरा, मग बऱ्याच वेळाने तिसरा, आणि मगच माप खाली. मागे चार गिऱ्हाईकं असली तरी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला कारण हे मी ऐकलेलं होतं. आमच्या मिश्नामध्ये, म्हणजे जवळजवळ अठराशे वर्षांपूर्वीच्या आमच्या धर्मनियमांत, लिहिलंय की तेल विकणाऱ्याने माप ओतून झाल्यावर घेणाऱ्यासाठी आणखी तीन थेंब पडू द्यावेत. आणि गंमत नाही, खरंच लिहिलंय, की किरकोळ दुकानदाराला याची सक्ती नाही. म्हणजे ज्याला सूट आहे तो माणूस कळव्यात तीन थेंबांसाठी थांबतोय आणि त्याला मिश्ना हा शब्दही माहीत नाही. मी सांगितलं त्यांना. ते थोडा वेळ गप्प राहिले मग म्हणाले, "ताई, आमचे तुकोबा पण वाणीच होते, देहूला दुकानात बसायचे. माळ घातली तेव्हा वडिलांनी एकच सांगितलं, मापात पाप नको. थेंब तुमचे आहेत, मी ठेवून काय करू?"

आणखी एक. मागच्या दिवाळीत त्यांचं जुनं लिटरचं माप पडून त्याला पोचा आला. मला ते पितळी माप आवडायचं, म्हटलं काका मला द्या मी मनी प्लांट लावते. तर नाही म्हणाले. पोचा आलेल्या मापात कमी मावतं, आणि असलं माप कुठेही राहिलं, कोणाकडेही, तरी एखाद दिवशी चुकून हात जातो. तिथेच हातोडीने चेपलं आणि भंगारात टाकलं. तोरामध्ये, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, आज्ञा आहे की तुझ्या पिशवीत दोन तऱ्हेची वजनं नकोत, एक मोठं एक लहान, आणि घरात दोन तऱ्हेची मापं नकोत. वापरू नकोस एवढंच नाही, बाळगूच नकोस. आमच्या जुन्या पंडितांनी तर खोटं माप मोरीतल्या कामालासुद्धा घरात ठेवू नये इथपर्यंत सांगितलंय. लहानपणी मला हे जरा अतीच वाटायचं, आता ते चेपलेलं माप आठवलं की नाही वाटत. फसवणारा माणूस पहिल्या दिवशी फसवायला बसत नाही, माप कोपऱ्यात पडलेलं असतं आणि एक दिवस गर्दी असते.

गैरसोयी पण सांगते म्हणजे कोणाची निराशा नको. होम डिलिव्हरी नाही. दुपारी एक ते चार बंद. यूपीआय चालतं पण कधीकधी नेटवर्क नसतं तेव्हा सुट्टे ठेवा. आषाढीच्या दिवसात जाऊ नका, आधीच दोन बाटल्या जास्त घेऊन ठेवा. शेंगदाणा तेल दीड-दोन महिन्यांपेक्षा जास्त साठवू नका, उन्हात तर अजिबात नको. आणि एकदा मला तिळाच्या तेलात थोडा कडवटपणा वाटला होता, मी सांगितल्यावर त्यांनी चाखून बघितलं, म्हणाले तीळ जास्त भाजले गेलेत, बाटली परत घेतली आणि त्या दिवशीचं उरलेलं सगळं तेल विकायचं थांबवलं. मी समोर होते म्हणून नाही, पुढच्या आठवड्यात वहिनी गेल्या तेव्हा त्यांनाही नवीन येईपर्यंत तिळाचं नाही असंच सांगितलं.

आता मी दर महिन्याला शुक्रवारी दुपारी चारला जाते, कारण शनिवारी मी खरेदी करत नाही आणि संध्याकाळच्या दिव्याला ताजं तेल हवं असतं. परवाच्या शुक्रवारी मी एकच बाटली मागितली तर काकांनी दोन काढल्या. म्हटलं एकच हवीये. ते माप पालथं धरून थेंबांकडे बघत होते, वर न बघताच म्हणाले, "उद्या शनिवार, तुमचं बंद. परवा एकादशी, आमचं बंद. आजच न्या."