लिबरल आर्ट्समधील नाट्यपदवी : खान्देशातून जाणाऱ्यांसाठी एक परीक्षण

खान्देशात नाटकाची गोडी लागते ती बहुधा स्पर्धांमधून. शाळेतील बालनाट्य, पुढे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवातील एकांकिका किंवा मूकनाट्य, आणि नोकरी लागल्यावर एखाद्या हौशी संघातून राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर केलेला प्रयोग, असा हा रुळलेला मार्ग आहे. तो सोडून मी भुसावळहून पुण्याजवळच्या एका खाजगी लिबरल आर्ट्स, म्हणजे एका मुख्य विषयासोबत अनेक ज्ञानशाखा शिकवणाऱ्या, विद्यापीठात गेले आणि नाट्य हा मुख्य विषय घेऊन चार वर्षांची पदवी पूर्ण केली. संस्थेचे नाव देत नाही, कारण पुढील तक्रारी एकाच संस्थेपुरत्या असतील असे मला वाटत नाही. माझे मत आधीच सांगते : केवळ अभिनय शिकायचा असेल तर हे शिक्षण महाग आणि अपुरे आहे, नाटकाकडे अनेक बाजूंनी पाहायला शिकायचे असेल तर मात्र ते घेण्याजोगे आहे.

पहिल्या वर्षी नाटक जवळजवळ नसतेच. निबंधलेखन, संख्याशास्त्र, तत्त्वज्ञान, पर्यावरण असे विषय सर्वांना सारखे घ्यावे लागतात आणि मुख्य विषय दुसऱ्या वर्षी निश्चित होतो. रंगमंचावर उभे राहण्याच्या ओढीने आलेल्या विद्यार्थ्याला हे वर्ष फार लांब वाटते, आणि घरी फोनवर ‘तू तिथे नक्की शिकतेस काय?’ या प्रश्नाला पटेल असे उत्तर देता येत नाही. मुख्य व गौण विषयांची ही रचना आता खाजगी विद्यापीठांची मक्तेदारीही राहिलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यापासून आपल्याकडील महाविद्यालयांतही ती आली आहे. त्यामुळे एवढ्यासाठीच जिल्हा सोडण्याचे कारण नाही. खरा फरक वर्गाच्या आकारात आहे. आमच्या तुकडीत नाटकाचे विद्यार्थी इतके थोडे होते की एकाच प्रयोगात प्रत्येकाला अभिनयासोबत नेपथ्य, वेशभूषा किंवा प्रकाशयोजना यांपैकी काही तरी अंगावर घ्यावेच लागे. स्पर्धेच्या एकांकिकेत आम्ही प्रकाशयोजनाकाराला ‘इथे निळा द्या’ एवढेच सांगत असू. येथे शिडीवर चढून दिवा टांगणे, दिव्यापुढे लावायचा रंगीत जिलेटीन कागद कापणे, प्रकाशाचा आराखडा कागदावर काढणे आणि दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या डिमरच्या प्रत्येक चॅनेलची नोंद वहीत ठेवणे हे सर्व स्वतः करावे लागले. प्रयोगाचा खर्च किती, तालमीला कोण गैरहजर, विंगेत कोणती वस्तू कोणत्या टेबलावर, याचा हिशेब ठेवणारा रंगमंच व्यवस्थापक हा नाटकाचा कणा असतो, हेही तेथेच समजले.

गौण विषय म्हणून मी मानववंशशास्त्र निवडले होते आणि संपूर्ण पदवीतील सर्वांत समाधान देणारे काम त्यातूनच झाले. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी नंदुरबार जिल्ह्यात गेले. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी अनेकांनी छायाचित्रांत पाहिलेली असते : मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे, अंगभर रंगवलेली नक्षी. असा वेश केलेल्यांतील अनेक जण व्रत म्हणून नाचतात. मग यांना नट म्हणायचे का, जमलेल्यांना प्रेक्षक म्हणायचे का, आणि सोंग घेणारा माणूस त्या रात्री स्वतःला कोण समजतो, असे प्रश्न नाट्यशास्त्राच्या वर्गात निघाले असते तर एका तासात मिटले असते. मानववंशशास्त्राच्या मार्गदर्शकांनी मात्र माझी टिपणे पुनःपुन्हा परत पाठवली आणि निष्कर्ष काढण्याची माझी घाई मोडून काढली. त्याच भागातील सोंगाड्या पार्टी या आदिवासी लोकनाट्याचे रात्रभर चालणारे प्रयोग पाहताना, स्त्रीवेशातील नट प्रेक्षकांतल्या ओळखीच्या माणसाला मध्येच संवादात ओढतो तेव्हा संहिता कोठे संपते आणि उत्स्फूर्त बोलणे कोठे सुरू होते, हे टिपणे हा माझ्यासाठी अभिनयाचाच पाठ होता. दोन विभागांचे शिक्षक एकाच प्रकल्पावर एकत्र बसतात, ही सोय अन्यत्र सहज मिळत नाही.

अभ्यासक्रमाने मात्र यातले काहीही आपणहून दिले नव्हते. मराठी रंगभूमीचा इतिहास १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत केलेल्या ‘सीता स्वयंवर’ नाटकापासून सुरू झाला आणि पुणे-मुंबईत येऊन स्थिरावला; खान्देशातील वहीगायन या लोककलेचे नावही निघाले नाही. अध्यापन इंग्रजीतून, बहुतेक प्रयोग इंग्रजी किंवा हिंदीतून. वाचिक अभिनयाच्या तासाला आमच्याकडचा ‘ळ’च्या जागी येणारा ‘य’ हा दोष म्हणून दुरुस्त केला गेला. प्रमाण उच्चार यायला हवेत याबद्दल वाद नाही, पण अहिराणीत एखादा प्रवेश बसवण्याची मुभा मागितली तेव्हा परीक्षकांना समजणार नाही हे कारण देण्यात आले, आणि ते मला आजही पटलेले नाही.

दुसरी तक्रार अधिक व्यावहारिक आहे. माहितीपत्रकातील नामवंत मंडळी प्रत्यक्षात अभ्यागत म्हणून येत आणि कार्यशाळा घेऊन जात. पूर्णवेळ शिक्षक फार थोडे होते. शरीर आणि आवाज यांना रोजचा रियाज लागतो, तो या वेळापत्रकात बसतच नव्हता. सभागृह देखणे होते, परंतु व्यवस्थापनाच्या कार्यक्रमांसाठी ते वरचेवर अडकलेले असल्याने तांत्रिक तालीम ऐन वेळी उरकावी लागे. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची सवय असलेल्या मुलांनी ती सवय सुट्टीत घरी येऊन जपावी, असे मी गांभीर्याने सुचवते.

वर्षाची फी लाखांत जाते. वसतिगृह व भोजन वेगळे. कर्ज काढून जाणाऱ्यांनी आधी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचा विचार करावा. तेथे नाट्य या विषयाची पदवी व पदव्युत्तर पदवी असून खर्च खूप कमी आहे आणि सारा भर कलेवरच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचे असल्यास कोणत्याही शाखेची पदवी चालते, मात्र नाटकांतील प्रत्यक्ष सहभागाचा अनुभव दाखवावा लागतो. त्या दृष्टीने जळगाव किंवा धुळ्यात राहून नियमित प्रयोग करणारा पदवीधर मुळीच मागे पडत नाही. ज्यांना लेखन, संशोधन, नाट्यशिक्षण किंवा संस्थाचालन यांत रस आहे आणि ज्यांना शिष्यवृत्ती मिळत आहे, त्यांनी लिबरल आर्ट्सचा अर्ज जरूर भरावा. प्रवेशापूर्वी संस्था पाहायला जाल तेव्हा सभागृहाची मागील सत्रातील आरक्षणवही दाखवण्याची विनंती करावी, आणि पूर्णवेळ नाट्यशिक्षकांची नावे लेखी मागावीत.